खडकातील भेगा बुजविण्याची एंझाइमी रीत

सांगलीहून मिरजेस जाणाऱ्या रस्त्याच्या उत्तरेस कुपवाड वसले आहे. आज त्याचे नाव घेताच तेथील औद्योगिक वसाहत आणि १९९८ साली स्थापन झालेली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका डोळ्यांपुढे येते; परंतु भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने या गावाकडे पाहावयाचे ते एखाद्या जुन्या विहिरीच्या काठावर उभे राहून. वरती काळी माती, तीत विखुरलेले चुनखडीचे खडे, खाली मुरूम, त्याखाली कोठे मांजऱ्या खडक तर कोठे काळा पाषाण, असा थरांचा क्रम या भागातील विहिरींच्या कडांवर सामान्यतः आढळतो. काळा पाषाण अखंड भासला तरी तो अखंड नसतो. लाव्हा थंड होताना आकुंचन पावल्यामुळे पडलेले उभे-आडवे सांधे त्यात असतातच. यांपैकी काही सांध्यांतून पाणी येते. त्यांना आपण झरे म्हणतो. काही सांध्यांत मात्र पाण्याऐवजी पांढरी शीर दिसते. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला असता ती पुष्कळदा फसफसते. अशी शीर कॅल्साइटाची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्फटिकांची असते. ती निसर्गाने बुजविलेली भेग होय.

कोणती भेग उघडी राहावी आणि कोणती बुजावी, हे निसर्ग आपल्या सोयीने ठरवीत नाही. ज्या भेगेतून विहिरीत पाणी यावे ती बुजलेली असते आणि ज्या भेगेतून पाणी ओढ्याकडे निघून जाते ती सताड उघडी असते, असा अनुभव बेसाल्टाच्या प्रदेशात नवा नाही. तेव्हा निसर्गाचे हे काम आपण हाती घेऊन, आपणांस हव्या त्या ठिकाणी, हव्या तेवढ्या काळात करता येईल काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. गेल्या दोन-तीन दशकांत या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधक एका एंझाइमापाशी येऊन पोहोचले आहेत. त्या रीतीचे स्वरूप आणि आपल्या कातळात तिचा उपयोग कोठवर होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम निसर्गाची रीत पाहू. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित अम्लधर्मी बनते. असे पाणी बेसाल्टातील फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांवर विक्रिया करून त्यांतील कॅल्शियम विरघळविते. पुढे एखाद्या पोकळीत वायू निघून गेला, अथवा पाणी आटले, की कॅल्शियम कार्बोनेटाचा साका बसतो. ही रीत खात्रीची खरी, पण तिचा वेग किती? एक लिटर भूजलात १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, असे धरू. ते सगळेच्या सगळे कॅल्साइट बनून खाली बसले, तरी त्यातून जेमतेम पाव ग्रॅम कॅल्साइट मिळेल. एक लिटर मापाची पोकळी पूर्ण भरावयास मात्र २,७०० ग्रॅमहून अधिक कॅल्साइट लागते. म्हणजे ती पोकळी सुमारे अकरा हजार वेळा नव्या पाण्याने भरली पाहिजे, आणि प्रत्येक वेळी त्यातील सर्व कॅल्शियम तेथेच बसले पाहिजे. भूवैज्ञानिक काळाला हे परवडते. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरीच्या धन्याला परवडत नाही.

यावर उपाय दिसावयास सोपा आहे. कॅल्शियम विद्राव दाट करावा आणि कार्बोनेट त्याच जागी निर्माण करावे. अडचण अशी की, कॅल्शियमाचा दाट विद्राव व कार्बोनेटाचा दाट विद्राव एकत्र केले, की क्षणार्धात पांढरा साका तयार होतो. तो भेगेत शिरण्यापूर्वीच नळीत बसेल. म्हणून कार्बोनेट विद्रावात उघडपणे न घालता, ते हळूहळू बाहेर पडेल अशा एखाद्या पदार्थात दडवून पाठवावे लागते. हा पदार्थ म्हणजे शेतकऱ्याच्या परिचयाचा यूरिया, आणि त्यातून कार्बोनेट मोकळे करणारी किल्ली म्हणजे यूरिएज नावाचे एंझाइम.

सजीवांच्या शरीरातील रासायनिक विक्रियांना वेग देणाऱ्या, परंतु स्वतः खर्ची न पडणाऱ्या प्रथिनांना एंझाइमे म्हणतात. यूरिया नुसत्या पाण्यात ठेवला तर सामान्य तापमानास त्याचे विघटन होण्यास वर्षानुवर्षे लागतात. यूरिएज ही विक्रिया सुमारे एकावर चौदा शून्ये इतक्या पटीने जलद करते. हे एंझाइम दुर्मिळ नाही. ते अनेक जीवाणूंत असते, मातीत असते, तसेच अबई, सोयाबीन, तूर, कलिंगड यांच्या बियांतही असते. ओलसर शेतात यूरिया टाकल्यावर काही वेळाने जो उग्र वास येतो तो याच विक्रियेतून सुटलेल्या अमोनियाचा. दुधात यूरियाची भेसळ आहे की नाही हे पाहण्याची घरगुती परीक्षाही याच तत्त्वावर आधारलेली आहे : दुधात तुरीचे किंवा सोयाबीनचे पीठ मिसळून काही मिनिटांनी तांबडा लिटमस कागद बुडविला आणि तो निळा झाला, तर त्या दुधात यूरिया आहे असे समजावे. पीठ भाजलेले मात्र नसावे. कारण तापविल्याने एंझाइम नष्ट होते. सोयाबीनची पेंड पशुखाद्यासाठी पुरेशी भाजली गेली आहे काय, हे तिच्यातील उरलेल्या यूरिएजावरूनच तपासतात. सांगली जिल्ह्यात सोयाबीन विपुल पिकते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

यूरिएजाचे विज्ञानाच्या इतिहासातही एक मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या जातीच्या शेंगेतील बियांपासून यूरिएजाचे स्फटिक मिळविले. कोणतेही एंझाइम स्फटिकरूपात वेगळे होण्याची ती पहिलीच वेळ. एंझाइमे म्हणजे प्रथिनेच होत, हे त्यांचे म्हणणे तत्कालीन मोठमोठ्या रसायनज्ञांना पटले नाही. ते मान्य होऊन समनर यांना नोबेल पारितोषिक मिळावयास १९४६ साल उजाडले. शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात तरुणपणीच एक हात गमावलेल्या या संशोधकाने हे नाजूक काम नऊ वर्षे चिकाटीने चालविले होते. आपले स्फटिक पुढे कातळातील भेगांच्या कामी येतील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

आता विक्रियेचा हिशेब. यूरियाच्या एका रेणूचे पाण्याशी विघटन झाले म्हणजे अमोनियाचे दोन रेणू व कार्बोनेटाचा एक आयन मिळतो. अमोनियामुळे विद्राव अल्कधर्मी होतो आणि कार्बोनेट टिकून राहण्यास ते पोषकच ठरते. विद्रावात कॅल्शियम क्लोराइड असेल तर कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक तयार होतात व मागे अमोनियम क्लोराइड उरते. वजनाच्या भाषेत सांगावयाचे तर एक किलो कॅल्साइटासाठी सुमारे ६०० ग्रॅम यूरिया व १ किलो ११० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागते, आणि शेवटी १ किलो ७० ग्रॅम अमोनियम क्लोराइड पाण्यात राहते. हा शेवटचा आकडा वाचकांनी विसरू नये. या विषयावरील उत्साही लिखाणात तो बहुधा कोपऱ्यात असतो. माझ्या मते तो मध्यभागी हवा.

भेगा बुजविण्यास सिमेंट असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्रात राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवांसाठी ज्या अपारंपरिक उपाययोजना अवलंबिल्या, त्यांत ‘फ्रॅक्चर सील सिमेंटेशन’ नावाची एक रीत आहेच. डोंगराळ भागात ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी पावसाळा संपताच भेगांतून उताराकडे निघून जाते आणि उन्हाळ्यापूर्वीच विहीर तळ गाठते. तेव्हा विहिरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पात्रात, उथळ विंधने घेऊन त्यांत सिमेंटाचे पातळ कालवण दाबाने भरतात. ते भेगांत पसरून घट्ट होते आणि जमिनीखाली एक अदृश्य बांध तयार होतो. हिचीच बहीण म्हणजे ‘बोअर ब्लास्ट’. तीत विंधनांत सुरुंग उडवून कातळाला मुद्दाम भेगा पाडतात, म्हणजे पाणी साठावयास जागा होते. वरच्या अंगाला भेगा पाडावयाच्या आणि खालच्या अंगाला त्या बुजवावयाच्या, असा हा जोडउद्योग आहे. प्रथमदर्शनी तो गमतीचा वाटला तरी बेसाल्टाचा स्वभाव ओळखून योजलेला आहे.

परंतु सिमेंट म्हणजे बारीक असले तरी कणच. नेहमीच्या सिमेंटात मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास जाणारे मोठे कणही असतात. भेगेची रुंदी मोठ्यात मोठ्या कणाच्या तिप्पट-चौपट असल्याशिवाय कालवण आत शिरत नाही. कण तोंडाशीच एकमेकांत अडकतात. म्हणजे पाव-अर्धा मिलिमीटरपेक्षा अरुंद भेगांपाशी नेहमीच्या सिमेंटाचे काम संपते. अतिसूक्ष्म दळलेले सिमेंट वापरले तर ही मर्यादा आणखी खाली जाते, पण किंमतही चढते. उलट यूरिएजाच्या रेणूचा व्यास मिलिमीटराच्या सुमारे ऐंशी हजाराव्या हिश्श्याएवढा आहे. ज्या फटीत पाणी शिरते, त्या फटीत तोही शिरतो. विद्रावाची श्यानता पाण्याहून फारशी अधिक नसल्याने त्यास मोठ्या दाबाचीही गरज पडत नाही. येथेच या रीतीचे खरे बळ आहे.

अरुंद भेगांकडे एवढे लक्ष देण्याचे कारण काय? भेगेतून जाणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा जलगतिशास्त्रातील नियम येथे उपयोगी पडतो. रुंदी निम्मी केली तर प्रवाह आठव्या हिश्श्यावर येतो. प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आणावयाचा असेल तर रुंदी निम्म्याहून किंचित कमी केली की पुरे. या नियमावरून कोणी म्हणेल की, रुंद भेगा सिमेंटाने बुजल्यावर बारीक भेगांची चिंता कशाला? एकेकटी बारीक भेग खरोखरच क्षुल्लक असते. पण मांजऱ्या खडकाच्या माथ्यावर किंवा लाल बोलाच्या थरालगत अशा भेगांचे जाळेच पसरलेले असते, आणि पाण्याला आठ महिन्यांचा अवधी मिळतो. बांधाखालून, बोगद्याच्या छतातून किंवा विंधनविहिरीच्या केसिंग पाइपाभोवतून जी चिवट गळती सिमेंट भरल्यानंतरही उरते, ती बहुधा याच जाळ्यातून होते.

घनाचा नियम आपल्याला आणखी एक दिलासा देतो. समजा, एक चौरस मीटर क्षेत्राची भेग आहे आणि तिची रुंदी मिलिमीटराचा दहावा हिस्सा आहे. तिच्यात १०० घन सेंटिमीटर विद्राव मावतो. लिटरमागे ६० ग्रॅम यूरिया व १११ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असलेला दाट विद्राव भरला आणि विक्रिया शेवटास गेली, तर एका भरणीतून १० ग्रॅम कॅल्साइट मिळेल. त्याने भेगेचा जेमतेम पावणेचार टक्के भाग व्यापला जाईल. पूर्ण भेग भरावयास सत्तावीस भरण्या लागतील; प्रवाह आठव्या हिश्श्यावर आणावयास चौदा पुरतील. अकरा हजारांवरून आपण चौदावर आलो. अर्थात् हा कागदावरचा हिशेब झाला. यात स्फटिक भेगेच्या दोन्ही अंगांवर सारख्या जाडीने बसतात असे गृहीत धरले आहे, आणि प्रत्यक्षात ते तसे बसत नाहीत.

प्रत्यक्षातील पहिली अडचण तोंड बुजण्याची. एंझाइम जोरकस असेल तर विद्राव दूर जाण्यापूर्वीच विक्रिया होते आणि विंधनाच्या भिंतीलगत साका बसून पुढची वाट बंद होते. म्हणून आरंभी एंझाइमाचा विद्राव सोडावा, त्यामागून थोडे स्वच्छ पाणी, आणि मग यूरिया व कॅल्शियम यांचा विद्राव, असा क्रम काहींनी ठेवला. दुसऱ्यांनी सर्व घटक एकत्र करून मिश्रण आरंभी किंचित अम्लधर्मी ठेवले. अम्लात साका धरत नाही. यूरियाच्या विघटनाने अम्ल जिरेपर्यंत मिश्रण भेगेत बरेच आत पोहोचलेले असते. दुसरी अडचण पृष्ठभागाची. कॅल्साइट हे कॅल्साइटावर उत्तम धरते, स्वच्छ खडकावर बरे धरते, आणि चिकणमातीचा लेप असलेल्या भेगेत त्याची पकड सैल राहते. आपल्याकडील पुष्कळ सांध्यांत असा तांबडा लेप असतो. याउलट जेथे निसर्गाने आधीच कॅल्साइटाचा पातळ थर दिला आहे, तेथे काम सोपे जाण्याचा संभव आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात मिश्रणात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी घातल्याने वाळूत अधिक मजबूत बंध मिळाले. दुधातील प्रथिनामुळे एंझाइम अधिक काळ टिकते व स्फटिक कणांच्या स्पर्शस्थानी धरतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

प्रत्यक्ष भूमीवर जी गाजलेली कामे झाली त्यांत एंझाइम वेगळे काढून न वापरता ते निर्माण करणारे जीवाणू वापरले होते. इंग्लंडमधील एका खाणीत सुमारे २५ मीटर खोलीवरच्या भेगाळलेल्या ज्वालामुखी खडकाची पार्यता अशा रीतीने घटविण्यात आली. त्याचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात २०१४ साली सुमारे ३४० मीटर खोल वालुकाश्मातील भेग चार दिवसांत, जीवाणू व कॅल्शियमाचे विद्राव आलटून-पालटून सोडून, इतकी बुजविली की मिनिटाला १·९ लिटर जाणारे पाणी ०·४७ लिटरवर आले. घनाच्या नियमाने पाहता ही घट भेगेची रुंदी सुमारे तीन-अष्टमांशाने कमी झाल्यास होईल एवढी आहे. जीवाणू स्वस्त पडतात, पण ते मिलिमीटराच्या हजाराव्या हिश्श्याच्या दोन-तीन पट लांब असतात, त्यांना जिवंत ठेवावे लागते, आणि परका जीवाणू पिण्याच्या पाण्यात सोडण्यास कोणीही सहजी अनुमती देणार नाही. एंझाइमास ना वाढवावे लागते ना पोसावे लागते. ते कालांतराने आपोआप निकामी होते. शुद्ध यूरिएज फार महाग असते हे खरे. तथापि सोयाबीनच्या कच्च्या पिठाचा थंड पाण्यातील गाळीव अर्कही हे काम करतो, असे अनेक प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. त्यात तंतुमय गाळ राहिला तर मात्र बारीक भेगांचा फायदाच निघून जातो. गाळणी उत्तम हवी.

येथवर वाचून कोणास वाटेल की, ओढ्याखालच्या सिमेंटाच्या जागी हा विद्राव सोडला की काम झाले. येथे मघाचा आकडा पुढे येतो. एक किलो कॅल्साइटामागे उरणाऱ्या अमोनियम क्लोराइडात २८० ग्रॅम नायट्रोजन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे अमोनियाची मर्यादा अर्धा मिलिग्रॅम आहे. ते सर्व क्षार भूजलात मोकळे सुटले, तर त्या मर्यादेखाली येण्यासाठी ५ लाख ६० हजार लिटर स्वच्छ पाणी मिसळावे लागेल. मातीतील जीवाणूंनी त्याचे नायट्रेट केले, तर नायट्रेटाच्या ४५ मिलिग्रॅम मर्यादेसाठीही साडेसत्तावीस हजार लिटर लागतील. आणि हा केवळ एका किलोचा हिशेब! ज्या पाण्याला अडविण्यासाठी भेग बुजविली तेच पाणी पिण्यास अयोग्य झाले, तर मिळविले काय? बेसाल्टाच्या पोकळ्यांतील झिओलाइट खनिजे अमोनियम शोषून घेतात हे खरे, पण ती भेगेच्या वाटेवर नेमकी व पुरेशी असतील या भरवशावर गावाचे पाणी ठेवता येणार नाही.

कृष्णाकाठच्या मिरज-वाळवे भागात अतिसिंचनाने क्षारपड झालेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा भूमीत आणखी क्लोराइड सोडण्याचा विचार रुचणार नाही. शिवाय शेतीसाठी सवलतीत मिळणारा यूरिया इतर कामी वळविणे हा गुन्हा आहे. औद्योगिक दर्जाचा यूरियाच विकत घ्यावा लागेल. तो खर्च हिशेबात धरला पाहिजे.

म्हणून पिण्याच्या विहिरीच्या बांधासाठी ही रीत, निदान आज तरी, वापरू नये असे मला वाटते. तेथे सिमेंटच बरे. जेथे वापरलेला विद्राव परत उपसून घेता येतो, त्या ठिकाणी मात्र तिला चांगला वाव आहे. बोगद्यात गळणारे पाणी नळीने गोळा करता येते. विंधनविहिरीच्या केसिंग पाइपाच्या पायथ्याशी, जेथे वरचे दूषित पाणी पाइप व खडक यांच्या फटीतून खाली उतरते, तेथे बुजवावयाची जागा लहान असते आणि पंप हाताशी असतो. कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हा उपयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या आवारातील सांडपाणी उथळ मुरुमातून खोल झऱ्यात जाऊ नये, यासाठी पाइपाचा पायथा पक्का असणे ही पहिली अट आहे, आणि नेमका तोच बहुधा कोणाच्या नजरेत येत नाही. कारखान्यांना पाइपाने येणारे पाणी मिळते. माळावरच्या वस्त्यांतून विंधनविहिरीचे पाणी अजूनही उपसले जाते.

आणखी एक बाजू आहे, ती रसायनाची नव्हे. भेग बुजविली म्हणजे पाणी निर्माण होत नाही. ते वरच्या विहिरीत राहते व खालच्या विहिरीत जात नाही. सिमेंटाने काम करताना ते ओढ्याच्या पात्रात चारचौघांच्या देखत होते. पातळ विद्राव मात्र कोणाच्याही नकळत एका विंधनातून सोडता येतो, आणि शेजाऱ्याचा झरा का आटला हे त्याला कधीच कळणार नाही. तेव्हा अशा कामाची नोंद ग्रामपंचायतीत वा भूजल यंत्रणेकडे होणे आवश्यक आहे. खालच्या अंगाच्या विहिरींची पाण्याची पातळी कामाच्या आधीचा एक उन्हाळा व नंतरचा एक उन्हाळा मोजली गेली पाहिजे.

विद्यार्थ्यांना या विषयाचा आरंभ प्रयोगशाळेत अल्प साधनांत करता येईल. कुपवाड परिसरातील दगडाच्या खाणीतून बेसाल्टाचा नमुना आणून त्याचा दंडगोल कापावा, तो उभा चिरावा, दोन्ही अर्ध्यांमध्ये ठरावीक जाडीच्या धातूच्या पट्ट्या ठेवून कडा मेणाने बंद कराव्यात. ठरावीक उंचीवरच्या पाण्याने मिनिटाला किती प्रवाह जातो ते मोजावे, मग एकेका भरणीनंतर पुन्हा मोजावे. एका नमुन्याची चीर स्वच्छ ठेवावी, दुसरीस तांबड्या मातीचा लेप द्यावा आणि तिसरा नमुना नैसर्गिक कॅल्साइटाची शीर असलेला घ्यावा. प्रत्येक भरणीनंतर बाहेर पडलेले पाणी फेकून न देता बाटलीत साठवावे व त्यातील अमोनिया मोजावा. खोलीची खिडकी उघडी ठेवावी हे सांगावयास नकोच. पहिल्या तासातच वासाने ते समजेल.